जर्मनीतली गाडी, महाडचा मिस्त्री

गेल्या वर्षी उन्हाळ्यातली गोष्ट. असरची नमाज आटोपून मामू गॅरेजमध्ये परत आले, तोच माझ्या मोबाइलवर ब्रेमेनहून भावाचा व्हिडिओ कॉल आला. सलाम-दुआ झाली आणि त्याने कॅमेरा गाडीच्या बॉनेटकडे वळवला. "मामू, जरा आवाज ऐका."

मामूंनी फोन कानाशी धरला. इंजिन चालू होतं. समोरच्या बाजूने खुळखुळ ऐकू येत होती, डब्यात सुटी नाणी हलवावीत तशी. मामू अर्धा मिनिट काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बंद कर. चेन सैल झालीय. ही गाडी घेऊन अम्मी-अब्बांना स्पेनला नेणार आहेस ना? असा नाही जायचं."

चाकांवरचं घर

माझा भाऊ आणि भावजय दोघंही जर्मनीत नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी १९८६ सालची मर्सिडीज २०७ डी घेतली. आत झोपायला चार जागा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, छोटं बेसिन. युरोपात अशा गाड्यांतून कुटुंबं महिना-महिना फिरतात. आपल्यासारख्यांना त्यात आणखी एक सोय आहे. हलाल जेवण मिळेल की नाही याचा घोर नाही, वुजूला पाणी आहे आणि नमाजला चटई अंथरण्याइतकी जागाही आहे.

इतकी जुनी डिझेल गाडी तिथे चालते कशी, असा प्रश्न पडेल. जर्मनीतल्या अनेक शहरांत प्रदूषणामुळे जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आहे. पण तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणून वेगळी नंबरप्लेट मिळते आणि तिला त्या क्षेत्रांत जाता येतं. त्यासाठी गाडी तपासणीत पास व्हावी लागते, म्हणून असे मालक इंजिनाची काळजी घेतात.

अम्मी-अब्बा त्या उन्हाळ्यात तिकडे जाणार होते. कॉर्डोबाची मशीद आणि ग्रनाडाचा अलहम्ब्रा एकदा डोळ्यांनी पाहावा, ही अब्बांची जुनी इच्छा. कॉर्डोबाची ती मशीद आज कॅथेड्रल आहे, तिथे नमाज पढता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही जायचं होतं. ब्रेमेनहून तिथवर दोन-अडीच हजार किलोमीटर, आणि वाटेत डोंगर.

एकच इंजिन, दोन देश

आता महाडच्या मिस्त्रीला जर्मन गाडीतलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. पण हे इंजिन मामूंच्या हाताखालचंच होतं. मर्सिडीजने ही गाडी १९७७ साली बाजारात आणली. तिच्यावरूनच पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने १९८७ साली आपली टेम्पो ट्रॅव्हलर काढली. आत इंजिनही तेच, ओएम ६१६. चार सिलिंडर, २.४ लिटर, डिझेल. हेच इंजिन ट्रॅक्समध्येही आलं. कोकणातल्या घाटांत वडाप म्हणून धावलेल्या, लग्नाची वऱ्हाडं नेलेल्या कितीतरी ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर मामूंनी उघडून बसवल्या आहेत.

तिथल्या गॅरेजवाल्याने भावाला सांगितलेला खर्च ऐकून भावजयीने हिशोबाची वही मिटली होती. शिवाय त्याला वेळ होता दीड महिन्यानंतर. म्हणून मामूंना फोन.

चेन करते काय?

इंजिनात पिस्टन वर-खाली होतात, त्यांच्या जोरावर खाली क्रँक फिरतो. वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायलाच हवा. हा मेळ साखळी राखते. तिलाच टायमिंग चेन म्हणतात. या इंजिनात ती दुपदरी असते आणि डिझेल पंपही तीच फिरवते.

साखळीची प्रत्येक कडी वर्षानुवर्षांत केसभर झिजते. अशा सगळ्या कड्यांची झीज मिळून साखळी लांब होते. मग कॅम मागे पडतो, डिझेलही उशिरा सुटतं. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, चढावर ओढ कमी वाटते, धूर वाढतो, समोरून खुळखुळ येते. दुर्लक्ष केलं आणि चेन दात सोडून सरकली किंवा तुटली, तर व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. या इंजिनात हवा सुमारे २१ पट दाबली जाते, म्हणजे पिस्टन अगदी वरपर्यंत येतो. तिथे चुकीला जागा नाही. अख्खं इंजिन जातं, आणि तेही घाटात.

मामूंनी आधी माप घ्यायला लावलं. हेड कव्हर काढून कॅमवरची खूण तिच्या जागी आणायची आणि मग खाली क्रँकच्या पुलीवरचे अंश वाचायचे. चेन नवी असेल तर फरक एक-दोन अंशांचा. भावाने वाचला नऊ.

"मामू, इथे एक किल्ली मिळते, ऑफसेटवाली. ती बसवली की टायमिंग जागेवर येतं म्हणतात. स्वस्तात होईल. चेन परत आल्यावर बदलू."

"किल्लीने आकडा जागेवर येईल, बेटा. झिजलेली कडी काही नवी होणार नाही. मागच्या सीटवर तुझी आई बसणार आहे."

भावाने पुन्हा तो विषय काढला नाही.

दोन दिवसांचं काम

चेन, टेन्शनर आणि जोडकडी मागवली. शनिवारी सकाळी बिस्मिल्लाह म्हणून काम सुरू झालं. तिथे भाऊ आणि त्याचा एक तुर्की शेजारी, इथे मामू स्टुलावर आणि फोन धरायला मी.

इंजिनाचा पुढचा भाग पूर्ण न उघडता ही चेन बदलता येते. जुन्या चेनच्या टोकाला नवी जोडायची आणि क्रँक हाताने फिरवत जुनी बाहेर, नवी आत घ्यायची. पायजम्यात नवी नाडी ओवताना जुनीला बांधतो तसंच. मात्र चेनच्या आतल्या पट्ट्या तुटलेल्या नसाव्यात, नाहीतर पुढचा भाग उघडण्याला पर्याय नाही. भावाने टॉर्च मारून दाखवल्या, त्या धड होत्या.

बॅटरीची वायर काढली. हिटर प्लग काढले, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब राहत नाही आणि क्रँक पान्ह्याने सहज फिरतो. टेन्शनर काढला. मग मामूंनी कॅमभोवतीची एकूण एक फट फडक्यांनी बुजवून घेतली. "ग्राइंडर लावण्याआधी मला दाखव," असं म्हणत तीनदा फडकी बदलायला लावली. एका कडीच्या पिनांची डोकी घासून काढली, कडी सुटली.

आणि इथेच भाऊ गप्प झाला. स्क्रीनवर त्याचा चेहरा उतरलेला दिसला.

"मामू, कडीची एक पट्टी दिसत नाही. हातातून निसटली. आत गेली की बाहेर, कळलं नाही."

तो हे बोलला नसता तर आम्हाला इथे बसून कळण्याचा मार्ग नव्हता. मामूंनी ना आवाज चढवला, ना घाई केली. "सांगितलंस, बरं केलंस. आता क्रँकला हात लावायचा नाही. आधी जमीन, मग फडकी, मग चुंबक." पाऊण तास शोध चालला. शेजाऱ्याने गाडीखाली झोपून पाहिलं. शेवटी ती नखाएवढी पट्टी तिसऱ्या फडक्याच्या घडीत सापडली. दोन्ही देशांत एकदमच अल्हम्दुलिल्लाह झालं.

पुढचं काम धीराचं. एकाने पान्ह्याने क्रँक घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवायचा, दुसऱ्याने चेनची दोन्ही टोकं ताणून कॅमच्या दातांवर दाबून धरायची. चेन सैल सोडली तर स्प्रिंगच्या जोराने कॅम उसळी मारतो आणि सगळा मेळ जातो. उलटा फेरा द्यायचा नाही. नवी चेन पूर्ण आत आल्यावर जोडकडी बसवून तिच्या पिना रिव्हेट केल्या. टेन्शनर तेलात बुडवून, दाबून-दाबून त्यातली हवा काढली आणि मगच तो जागेवर चढवला. हाताने दोन पूर्ण फेरे दिले, खुणा पुन्हा तपासल्या. फरक आता जेमतेम एक अंश.

रविवारी डिझेल पंपाचं टायमिंग जुळवलं, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला, आणि किल्ली फिरवली. खुळखुळ गेली होती.

कडी नेमकी बसवणं

त्या रात्री जेवताना मी मामूंना विचारलं, इतकी वर्षं हे काम करून कंटाळा नाही येत? ते म्हणाले, सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे ना, तिथेच चिलखताच्या कड्या नेमक्या मापात बसवण्याचा हुकूमही आहे. "पैगंबराच्या हातचं लोखंडकाम. त्यातही माप चुकवायची मुभा नव्हती. मग आम्हाला कशी असेल?"

तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणं नव्हे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आधी उंट बांधायचा, मग भरवसा ठेवायचा. गाडीला मागे दुआ लिहिलेली असते आणि पुढे चेन खुळखुळत असते, असं मात्र आपल्याकडे पुष्कळदा दिसतं.

तुमच्या घरी जुनी ट्रॅक्स किंवा ट्रॅव्हलर असेल तर एवढं करा. सकाळी थंड इंजिन सुरू करताना समोरचा आवाज लक्ष देऊन ऐका. ऑइल वेळेवर बदला, कारण टेन्शनर आणि चेन दोन्ही तेलावरच जगतात. खुळखुळ आली तर माप घ्यायला सांगा, नुसत्या अंदाजावर राहू नका. चेन बदलताना टेन्शनरही बदला. आणि काम करताना काही निसटलं तर ते कबूल करणारा मिस्त्री मिळाला, तर त्याला सोडू नका.

अम्मी-अब्बा कॉर्डोबा पाहून सुखरूप परतले. अब्बा तिथल्या कमानींबद्दल तासन्‌तास बोलतात. अम्मी मात्र पहिल्यांदा सांगते ती वाटेतल्या फजरची गोष्ट. डोंगरात गाडी थांबलेली, बाहेर धुकं, शेगडीवर चहा. मग सगळे आत बसले, भावाने किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.

मामू ते ऐकून हसतात आणि विचारतात, "आवाज कसा होता?"