यंत्राचे आयुष्य आणि त्याचा खर्च

एखाद्या नगराच्या पाणीपुरवठा केंद्रासाठी २० अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे १५ किलोवॅटची, विजेची मोटार घ्यावयाची आहे असे समजू. निविदा मागविल्या जातात; ठरलेल्या दिवशी लिफाफे उघडले जातात; जिची रक्कम सर्वांत कमी ती निविदा मान्य होते. लेखापरीक्षकाला आक्षेप घेण्यास जागा उरत नाही आणि चार पैसे वाचल्याचे समाधान सर्वांना लाभते. हे पैसे खरोखर वाचले काय, हे मात्र त्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. मोटार ज्या क्षणी विकत घेतली जाते, त्या क्षणी तिच्यावरील खर्चाचा केवळ प्रारंभ झालेला असतो.

हा खर्च मोजण्याचे एक शास्त्र आहे. वस्तूची आखणी, खरेदी, उभारणी, वापर, देखभाल, दुरुस्ती आणि अखेर तिची विल्हेवाट, या सर्व अवस्थांतील खर्च एकत्र मांडून मगच वस्तूंची तुलना करावी, असे हे शास्त्र सांगते. त्याला जीवनचक्र-परिव्यय असे नाव आहे. नाव काहीसे बोजड असले तरी त्यातील गणित शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल इतके सोपे आहे. ते आपल्या मोटारीवरच करून पाहू.

बाजारात दोन मोटारी आहेत. दोन्ही तेवढ्याच शक्तीच्या. पण एकीची कार्यक्षमता ९०.६ टक्के व दुसरीची ९२.१ टक्के आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार या आकाराच्या चार ध्रुवांच्या मोटारीला अनुक्रमे आय. ई. २ व आय. ई. ३ या वर्गांत बसण्यासाठी एवढी कार्यक्षमता लागते. पहिलीची किंमत ६०,००० रुपये व दुसरीची ७५,००० रुपये आहे असे उदाहरणापुरते धरू. मोटार दिवसाला सरासरी ११ तास, म्हणजे वर्षाला सुमारे ४,००० तास पूर्ण भाराने चालते आणि विजेचा दर युनिटला ७ रुपये आहे, असेही धरू. पहिली मोटार वर्षाला सुमारे ६६,२२५ युनिटे वीज घेईल. तिचे बिल होईल सुमारे ४ लक्ष ६३ हजार रुपये. किंमत ६०,०००, आणि एका वर्षाची वीज त्याच्या साडेसात पटींहून अधिक! मोटार १५ वर्षे चालली तर विजेवर ६९ लक्ष रुपयांहून अधिक खर्च होतील. एकंदर खर्चात खरेदीच्या किमतीचा वाटा शंभर रुपयांत एक रुपयासुद्धा भरत नाही. निविदेचे लिफाफे ज्या रकमेसाठी उघडले गेले, ती ही एवढीशी रक्कम होय.

आता दुसरी मोटार पाहू. कार्यक्षमतेतील दीड टक्क्याचा फरक ऐकताना क्षुल्लक वाटतो. परंतु तेवढ्यानेच वर्षाला सुमारे १,०७८ युनिटे, म्हणजे ७,५५० रुपयांची वीज वाचते. जादा मोजलेले १५,००० रुपये दोन वर्षांत भरून निघतात आणि पुढील तेरा वर्षांची बचत शिल्लक राहते.

परंतु यावरून महाग यंत्र नेहमीच स्वस्त पडते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तीच मोटार जर राखीव म्हणून ठेवलेली असेल आणि मुख्य पंप बंद पडल्यावर वर्षाकाठी जेमतेम ३०० तास चालत असेल, तर वार्षिक बचत ५६६ रुपयांवर येते. पंधरा वर्षांत ती साडेआठ हजारांच्या आतच राहते आणि जादा दिलेले १५,००० रुपये कधीच वसूल होत नाहीत. येथे पहिली मोटार घेणेच शहाणपणाचे. यंत्र चांगले की वाईट याचे उत्तर ते किती तास चालणार हे कळल्याखेरीज देता येत नाही.

हा विचार अगदी नवा आहे असेही नाही. तो प्रथम ठळकपणे पुढे आला तो लोहमार्गांच्या बाबतीत. अमेरिकन स्थापत्यशास्त्रज्ञ आर्थर मेलन वेलिंग्टन याने १८७७ साली लोहमार्गांच्या आखणीच्या अर्थशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मार्गातील चढ, वळणे व लांबी यांमुळे गाड्या चालविण्याचा खर्च वर्षानुवर्षे किती वाढतो, याचा हिशेब आखणीच्या वेळीच केला पाहिजे, हे त्याचे प्रतिपादन होते. त्याचा प्रत्यय महाराष्ट्रातील वाचकांना बोरघाटात येईल. १८६३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या घाटमार्गाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. तो चढून जाण्यासाठी कर्जत येथे गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात, आणि आजही अनेक गाड्यांच्या बाबतीत हे चालू आहे. सौम्य चढाचा मार्ग काढावयाचा तर सह्याद्रीच्या कड्यांतून कितीतरी अधिक लांबीचे व बोगद्यांचे काम करावे लागले असते. त्या काळी ते कदाचित परवडलेही नसते. तेव्हा आखणी चुकली असे म्हणण्याचे कारण नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी कागदावर ओढलेल्या एका रेषेचे बिल अजून दररोज चुकते करावे लागते, एवढे खरे.

सरकारी खरेदीत हा विचार आणण्याचे श्रेय बहुधा १९६५ सालच्या एका अहवालाला दिले जाते. वॉशिंग्टन येथील लॉजिस्टिक्स मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने तो अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी तयार केला. सैन्याची सामग्री केवळ कमी किमतीच्या निविदेवर घेतली तर पुढे सुटे भाग, दुरुस्ती, साठवण व कारागिरांचे शिक्षण यांवर किती खर्च येतो, हा त्याचा विषय होता.

तरीही कमीत कमी किमतीची निविदा स्वीकारण्याची पद्धत जगभर टिकून आहे, आणि तिला केवळ अज्ञान म्हणून हसणे अन्यायाचे होईल. किंमत हा कोणालाही वाचता येणारा आकडा आहे. त्यात पक्षपात करणे कठीण असते. उलट 'आमची मोटार वीज कमी घेते' हा विक्रेत्याचा दावा झाला. तो तपासण्यास प्रयोगशाळा हवी, मानक हवे, आणि दावा खोटा ठरल्यास दंड करण्याची तरतूद हवी. ही साधने नसतील तर जीवनचक्राचा हिशेब लबाडाला आयतीच पळवाट देईल. वर दिलेल्या कार्यक्षमतेच्या वर्गांचे महत्त्व येथे आहे. मोटारीच्या अंगावरील पट्टीवर छापलेला वर्ग हा तपासता येण्याजोगा आकडा असतो आणि म्हणून तो निविदेत मागता येतो.

मोटारीकडून आता तिच्यापुढील नळाकडे वळू, कारण खर्चाची मोठी गळती बहुधा तेथे असते. नळातून वाहणाऱ्या पाण्याला घर्षणाचा विरोध होतो आणि तो मोडून काढण्यास पंपाला शक्ती वेचावी लागते. पाण्याचा ओघ तेवढाच ठेवला तर हा विरोध नळाच्या व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळाऐवजी १२५ मिलिमीटरचा नळ टाकला, तर घर्षणात जाणारी शक्ती सुमारे एक-तृतीयांशावर येते. नळाची किंमत मात्र तिप्पट होत नाही. तेव्हा बचत नेमकी कोठे करावी, हे खरेदी करणाऱ्या कारकुनाच्या नव्हे, आराखडा काढणाऱ्याच्या हाती असते. आणि आराखडा काढणाराही माणूसच. पाणी कमी पडू नये म्हणून तो हिशेबापेक्षा मोठा पंप सुचवितो, त्यावरचा अधिकारी आणखी थोडा मोठा करतो, आणि अखेर पाणी फार येते म्हणून चालकाला झडप अर्धी मिटून ठेवावी लागते. विजेचे पैसे देऊन निर्माण केलेला दाब त्या अर्ध्या मिटलेल्या झडपेत दिवसरात्र वाया जातो. हा तोटा कोणत्याही वहीत नोंदला जात नाही.

दुरुस्तीचीही तीच कथा. मोटार जळाली की ती वाइंडिंगच्या दुकानी जाते आणि दोन-चार दिवसांत नवी तार गुंडाळून परत येते. नव्या मोटारीपेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते, आणि काम नीट झाले तर त्यात गैर काहीच नाही. परंतु जुनी तार सुटावी म्हणून मोटारीचा गाभा आगीच्या झोतावर तापविला, तर त्यातील पातळ पत्र्यांच्या थरांमधील विद्युत्रोधक लेप करपतो. मग त्या पत्र्यांतून अनिष्ट प्रवाह फिरू लागतात आणि विजेची उष्णता होते. तार मूळच्यापेक्षा बारीक वापरली तर आणखी भर. यामुळे आपल्या उदाहरणातील पहिल्या मोटारीची कार्यक्षमता ९०.६ वरून ८८.६ टक्क्यांवर आली, तर वर्षाला सुमारे १,४९५ युनिटे, म्हणजे दहा हजार रुपयांहून अधिक किमतीची वीज जास्त जाईल. मोटार फिरते आहे, पाणी चढते आहे; म्हणून कोणाच्या काही ध्यानात येत नाही.

येथवर आपण आजचा रुपया आणि पंधरा वर्षांनंतरचा रुपया एकाच मापाने मोजला. व्यवहारात तसे नसते. आज हाती असलेले १०० रुपये दरसाल ८ टक्के व्याजाने ठेवले तर दहा वर्षांनी २१६ रुपये होतात. म्हणजेच दहा वर्षांनी द्यावयाच्या १०० रुपयांसाठी आज ४६ रुपये बाजूला ठेवले तरी पुरते. यास त्या रकमेचे वर्तमान मूल्य म्हणतात. या रीतीने मोजल्यास दुसऱ्या मोटारीची पंधरा वर्षांची १ लक्ष १३ हजारांची बचत आजच्या ६४,६०० रुपयांइतकी भरते. तरीही ती १५,००० च्या चौपट आहे. निर्णय बदलत नाही.

मात्र काळ लांबला की हेच गणित विलक्षण परिणाम घडविते. पन्नास वर्षांनी येणारा १०० रुपयांचा खर्च ८ टक्के दराने आज अवघा २ रुपये १३ पैसे भासतो. दर ३ टक्के धरला तर तोच जवळजवळ २३ रुपये होतो. खर्च तोच, वर्षे तीच. केवळ दर बदलला आणि आकडा दहा पटींहून अधिक वाढला. तो दर कोणता धरावा हे निसर्ग सांगत नाही; माणसे ठरवितात.

याचे मोठे उदाहरण इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर उभे आहे. कॅल्डर हॉल हे अणुविद्युत् केंद्र १७ ऑक्टोबर १९५६ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते सुरू झाले. राष्ट्रीय वीजजाळ्याला मोठ्या प्रमाणावर वीज पुरविणारे ते जगातील पहिले अणुकेंद्र. शस्त्रांसाठी प्लुटोनियम निर्माण करणे हाही त्याचा हेतू होता. ते २००३ साली कायमचे बंद झाले. तेव्हापासून तेथे एकही युनिट वीज निर्माण झालेली नाही. खर्च मात्र चालू आहे. २००७ साली त्याचे शीतक मनोरे पाडण्यात आले. अणुभट्ट्यांतील इंधन काढण्याचे काम २०१९ साली संपले. भट्ट्यांच्या गाभ्यातील ग्रॅफाइट किरणोत्सर्गी झालेले असल्याने अंतिम मोडणीस आणखी कित्येक दशके लागावयाची आहेत. जुन्या अणुकेंद्रांची ही निरवानिरव करण्यासाठी ब्रिटनने स्वतंत्र प्राधिकरण नेमले असून तिचा एकंदर अंदाजे खर्च शंभर अब्ज पौंडांहून अधिक आहे. १९५६ साली ज्यांच्या घरात ती वीज पोचली त्यांच्या बिलात ही रक्कम नव्हती. ती भरणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

तेव्हा हिशेब कोणाच्या खिशाकडे पाहून मांडावयाचा, हा प्रश्न गणिताच्या आधी सोडवावा लागतो. नगरपालिकेत यंत्रखरेदीची रक्कम भांडवली खर्चात दाखविली जाते, विजेचे बिल चालू खर्चात; दोन्हींचे टेबल वेगळे आणि पुष्कळदा अधिकारीही वेगळे. भाड्याच्या घरात पंखा घरमालक लावतो आणि वीजबिल भाडेकरू भरतो. जो निवडतो तो भोगत नाही, आणि जो भोगतो त्याला निवडता येत नाही.

भारतातील शेतीपंपांच्या बाबतीत हे कोडे सर्वांत अवघड झाले आहे. अनेक राज्यांत शेतीला वीज विनामूल्य किंवा मोटारीच्या अश्वशक्तीनुसार ठरावीक दराने मिळते. किती युनिटे वापरली याच्याशी शेतकऱ्याच्या देण्याचा संबंध नसतो. अशा शेतकऱ्याने जादा पैसे देऊन कार्यक्षम मोटार घेतली, तर वाचलेली वीज वितरण कंपनीच्या व सरकारी तिजोरीच्या पदरात पडते, त्याच्या नव्हे. त्याचा खरा खर्च वेगळाच आहे. शिवारातील वाहिनीच्या टोकाला विजेचा दाब खाली येतो, मोटार तापते व जळते. मग ती विहिरीतून काढावयाची, तालुक्याच्या गावी न्यावयाची, वाइंडिंगचे पैसे द्यावयाचे आणि ती परत येईपर्यंत उभे पीक पाण्यावाचून पाहावयाचे. म्हणून तो जाड तारेची, कमी दाबातही तग धरणारी मोटार मागतो, मग ती वीज कितीही खावो. तज्ज्ञाच्या तक्त्यात ही निवड अकार्यक्षम ठरते. पण जळलेल्या मोटारीचे दिवस आणि वाळलेले पीक हे दोन्ही त्या तक्त्यात घातले, तर शेतकऱ्याने जीवनचक्राचा हिशेब अचूक केला आहे असेच दिसेल. त्याच्या तक्त्यात विजेच्या दराच्या जागी शून्य आहे, आणि ते शून्य त्याने लिहिलेले नाही.