रोगाचा संशय असलेली कोंबडी विकावी काय?

शेतीस जोडधंदा म्हणून कुक्कुटपालन आपल्याकडे आता चांगलेच रुजले आहे. पावसाने दगा दिला, कापसाचा भाव उतरला, तरी दर दीड-दोन महिन्यांनी हाती येणारी रक्कम कित्येक कुटुंबांस तारून नेते. या धंद्याविषयी लिहावयाचे तर खाद्य, लस, गादी, हवा व उजेड यांविषयी लिहावे अशी वहिवाट आहे, आणि ती योग्यच होय. परंतु या धंद्यात एक प्रसंग असा येतो की, त्याचे उत्तर कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. सायंकाळी शेडमध्ये दहा-वीस पक्षी पेंगताना दिसतात. सकाळी त्यांतील काही मरून पडलेले असतात. बाकीचे हजार पक्षी अद्याप दाणापाणी घेत आहेत, आणि व्यापाऱ्याची गाडी दुपारी यावयाची आहे. त्या दुपारी मालकाने काय करावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

रोगी म्हणून ठाऊक असलेला पक्षी विकू नये, हे कोणीही मान्य करील. अडचण आहे ती संशयाची. ‘निश्चित कोठे ठाऊक आहे?’ या एका वाक्याच्या आडोशाने पुष्कळ माल बाजारात जातो. म्हणून प्रथम हे पाहिले पाहिजे की, असा निश्चय नुसत्या डोळ्यांनी होऊ शकतो काय. होऊ शकत नाही. राणीखेत, म्हणजे ज्यास आपण मानमोडी म्हणतो तो रोग, आणि बर्ड फ्लू यांची आरंभीची लक्षणे पुष्कळ वेळा सारखीच दिसतात: पेंगणे, दाणा सोडणे, धाप लागणे, हिरवट विष्ठा, आणि मग भराभर मरतुक. खरा निवाडा प्रयोगशाळेतच होतो. शिवाय मानमोडीची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सामान्यतः दोन ते पंधरा दिवस जातात, आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच पक्षी रोग पसरवू लागतो. लस टोचलेला पक्षी स्वतः आजारी न पडताही विषाणू बाहेर टाकू शकतो. तेव्हा ज्या शेडमध्ये मरतुक सुरू झाली, तेथील धडधाकट दिसणारा पक्षी निरोगीच आहे असे म्हणण्यास कोणताही आधार राहत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा ती प्रथम मानमोडीच समजली गेली. भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीनंतर १८ फेब्रुवारी २००६ रोजी तो बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. हिंदुस्थानात या रोगाची ती पहिलीच नोंद. त्यानंतर त्या भागातील लाखो पक्षी मारून पुरावे लागले, आणि ज्या गावांनी नवापूरचे नावही ऐकले नव्हते तेथेही कोंबडी व अंडी यांचा खप एकाएकी बसला. पुढे २०२१ साली नवापुरास पुन्हा याच संकटास तोंड द्यावे लागले. मानमोडी समजून चालण्यात केवढा धोका असतो, हे यावरून दिसून येते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या १७ व्या कलमात एक प्रसिद्ध दृष्टांत आहे. आपला घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही एकाने तो लिलावात विकला आणि दोषाविषयी तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. हा दृष्टांत ऐकून काहींस हायसे वाटेल. पण त्याच कलमात पुढे आणखी एक दृष्टांत आहे. घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन.’ विकणारा गप्प राहतो. येथे मात्र कायदा म्हणतो की, हे मौन बोलण्यासारखेच आहे. आमच्या मते आठवडे बाजारातील प्रत्येक सौदा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. परसात पाळण्यासाठी पाच कोंबड्या घेणारी बाई ‘चांगल्या आहेत ना?’ असे विचारल्यावाचून पदराची गाठ सोडीत नाही. तेथे मान हलविणे ही साक्ष होय, आणि खाली पाहणे हीही साक्षच होय.

घोडा आणि कोंबडी यांत आणखी एक भेद आहे. लंगड्या घोड्याचा दोष घोड्यापाशीच राहतो. तो घेणाऱ्याच्या दुसऱ्या घोड्यास लंगडे करीत नाही. रोगट कोंबडीचा दोष तिच्याबरोबर घेणाऱ्याच्या खुराड्यात उतरतो, तेथून शेजाऱ्याच्या, आणि तेथून पुढच्या बाजारात. इंग्लंडात १८७८ साली लॉर्डांच्या सभेपुढे असाच एक खटला निकालास आला. न्यूबरीच्या बाजारात एकाने रोगी डुकरे ‘सर्व दोषांसह’ म्हणून विकली. रोगी जनावर बाजारात आणण्यास तेथील कायद्याने मनाई होती. घेतलेली डुकरे मेली व घेणाऱ्याच्या घरच्या डुकरांसही लागण झाली. तरीही विकणाऱ्याने भरपाई देण्याचे कारण नाही, असा निकाल लागला. तो मनुष्य सुटला, परंतु त्याने केले ते योग्य होते असे आमचा कोणता वाचक म्हणेल? न्यायाच्या दरबारात सुटणे आणि गावात ताठ मानेने बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे २००९ साली जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा झाला. अनुसूचित रोगाची लागण झाली आहे असे मानण्यास कारण असेल, तर मालकाने ग्रामपंचायतीस अथवा गावच्या नेमलेल्या अधिकाऱ्यास खबर द्यावी आणि आजारी जनावर वेगळे ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. ‘मानण्यास कारण असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे होत. कायदा खात्रीची वाट पाहत नाही. संशय आला की कर्तव्य सुरू होते.

यावर ज्या सबबी सांगितल्या जातात, त्यांचा विचार केल्यावाचून हा लेख एकांगी होईल.

पहिली सबब अशी की, कोंबडी शेवटी शिजणारच आहे. चांगल्या शिजवणीने हे विषाणू मरतात, हे खरे. परंतु चुलीवर जाण्यापूर्वी ती पिंजऱ्यात, गाडीत व दुकानात असते; कोणीतरी ती कापतो, कोणीतरी तिची पिसे काढतो. हाँगकाँगमध्ये १९९७ साली बर्ड फ्लूची बाधा अठरा माणसांस झाली आणि त्यांतील सहा दगावली. तो रोग तेथील जिवंत कोंबड्यांच्या बाजारांत पसरलेला होता. शिजलेल्या रश्शापासून भय नाही म्हणून सोलणाऱ्याच्या हातांसही भय नाही, असे होत नाही.

दुसरी सबब अशी की, भाव पाडून दिला म्हणजे घेणारा समजून घेतो. व्यापारी कदाचित समजेल. पण तो तो माल पुढे पूर्ण भावाने विकणार, आणि शेवटच्या गिऱ्हाइकास काहीच समजणार नाही. स्वस्ताई ही खबर नव्हे. खबर द्यावयाची तर ती तोंडाने द्यावी लागते.

तिसरी सबब सर्वांत जड आहे, आणि तिची थट्टा करण्याची आमची इच्छा नाही. ‘माल विकला नाही तर आम्ही बुडू, कर्जाचा हप्ता कोण भरणार?’ हे म्हणणे खोटे नाही. करारावरील पालनात पक्षी कंपनीचा असतो आणि निर्णय पुष्कळदा तिच्या हाती असतो, हेही खरे. शिवाय सरकारी भरपाई मिळते ती बर्ड फ्लूमुळे हुकुमाने मारलेल्या पक्ष्यांची. नुसत्या मानमोडीने मेलेल्या पक्ष्यांस ती नाही. म्हणजे खरे बोलणाऱ्याच्या पदरी नुकसान येऊ शकते, हे आम्ही मान्य करतो. परंतु विकल्याने ते नुकसान नाहीसे होत नाही. ते केवळ दुसऱ्याच्या दारी जाते, आणि तेथे ते वाढते. पाच कोंबड्या घेणाऱ्या त्या बाईला ना विमा आहे, ना भरपाई. आपला तोटा आपल्याहून दुबळ्याच्या पदरात टाकण्यास व्यापार म्हणता येत नाही. उलट खबर लवकर दिल्याने पदरात काही पडण्याचा संभवही असतो. कारण भरपाई मारलेल्या पक्ष्यांची असते, आधीच मेलेल्यांची नव्हे.

तेव्हा त्या दुपारी करावयाचे ते असे. गाडी परत पाठवावी व कारण स्पष्ट सांगावे. पेंगणारे पक्षी वेगळे करावेत. मेलेले पक्षी ओढ्यात अथवा उकिरड्यावर टाकू नयेत, कुत्र्यांस घालू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे, नमुने घेतल्यावर ते सांगतील त्याप्रमाणे चुना टाकून खोल पुरावेत. शेडमध्ये वापरलेली चप्पल व कपडे घालून शेजाऱ्याच्या शेडमध्ये जाऊ नये. रोजच्या मरतुकीचा आकडा तारखेसह वहीत लिहावा. तोंडी हिशोब संकटात उपयोगी पडत नाही. तपासणीचा निकाल येईपर्यंत खत व अंडीही बाहेर काढू नयेत.

आणि गावकऱ्यांनी करावयाचे तेही आहेच. जो पहिला खबर देतो त्यास आपण ‘रोग आणणारा’ म्हणतो, त्याच्या दारावरून जाणे टाळतो, आणि मग पुढच्या खेपेस कोणीच बोलत नाही याचे आश्चर्य करतो. रोग लपविण्याची सवय अशा वागण्यातूनच लागते. आपल्या संघाच्या सभासदांनी दर लॉटमागे थोडी रक्कम बाजूस ठेवून एक साहाय्यनिधी उभारावा, आणि ज्याने संशय येताच विक्री थांबविली त्याच्या नुकसानीचा काही भाग त्यातून द्यावा, अशी आमची सूचना आहे. पीक बुडाले असता शेजाऱ्यास बियाणे उसने देण्याची रीत आपल्यात जुनी आहे. तीच रीत येथे लागू करावयाची आहे. प्रामाणिकपणाचा सर्व भार एकट्या माणसावर टाकून त्याच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे हे गावास शोभत नाही.

संशय आला की माल विकू नये, आणि जो विकीत नाही त्यास एकटे पाडू नये. यांतील पहिले पाळणे प्रत्येक मालकाच्या हाती आहे, आणि दुसरे आपणा सर्वांच्या. येत्या सभेत सभासदांनी निधीचा विचार अवश्य करावा, अशी आमची विनंती आहे.