नावामागचा कारागीर : जुन्या जर्मन ट्रम्पेटची कुळकथा

कर्जासाठी तारण म्हणून आलेल्या मिळकतीचे कागद तपासताना सातबारा उताऱ्यावरील शेवटचे नाव पाहून कोणताही जाणकार अधिकारी थांबत नाही. ते नाव तेथे केव्हा लागले, त्यापूर्वी कोणाचे होते, मधला एखादा दुवा निखळलेला तर नाही ना, याची खातरजमा झाल्यावरच हक्काविषयी निःशंक होता येते. जुन्या वाद्यांची कुळकथा शोधणाऱ्यांनाही हीच शिस्त पाळावी लागते. फिरत्या झडपांचे जुने जर्मन ट्रम्पेट हे त्याचे बोलके उदाहरण होय.

आपल्याकडे लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या ट्रम्पेटला बोटांनी दाबण्याचे तीन दट्टे असतात आणि ते नळकांड्यांत खाली-वर होतात. जर्मन ट्रम्पेटची रचना निराळी. त्याची प्रत्येक झडप म्हणजे लहानशा डबीत बसवलेला दंडगोल. कळ दाबली की तो पाव फेरा घेतो आणि वादकाचा श्वास नळीच्या एका जादा वेटोळ्यातून वळवतो. नळी लांबली की स्वर खाली उतरतो. हे वाद्य हातात आडवे धरून वाजवले जाते. व्हिएन्ना आणि बर्लिन येथील फिलहार्मोनिक वाद्यवृंदांनी ही परंपरा आजही जपली आहे.

काळाचा अंदाज

झडपा येण्यापूर्वी ट्रम्पेटमधून निसर्गतः निघणारे मोजकेच स्वर वाजत. १८१८ साली हाइनरिश श्ट्योल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांनी प्रशियात झडपेचे एकस्व मिळवले. १८३५ मध्ये व्हिएन्नाच्या योसेफ रीडल याने फिरत्या झडपेसाठी सरकारी विशेषाधिकार घेतला, तर १८३९ मध्ये पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिने याने दट्ट्याची सुधारलेली झडप आणली. पुढे दट्ट्याची झडप फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिकेत रुळली. फिरती झडप जर्मनी, ऑस्ट्रिया व बोहेमियात स्थिरावली. तेव्हा फिरत्या झडपा दिसताच शोधाची दिशा आणि काळाची एक कड निश्चित होते.

नंतर बारकावे पाहायचे. सुमारे १.८ मीटर नळीचे, ‘एफ’ स्वरातील लांब ट्रम्पेट एकोणिसाव्या शतकातील वाद्यवृंदांत रूढ होते. शतकाच्या उत्तरार्धात त्याची जागा सुमारे १.४ मीटर नळीच्या आखूड ट्रम्पेटने घेत नेली. कळा परत वर आणणारी स्प्रिंग घड्याळातल्यासारखी चपटी आणि गोल डबीत गुंडाळलेली असेल, तर वाद्य जुन्या घडणीचे समजावे. तारेच्या उघड्या स्प्रिंगा मागाहून सर्रास झाल्या. कर्ण्याच्या काठाला पांढऱ्या धातूची पट्टी असते. ती चांदीची नसून तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रणाची, म्हणजे जर्मन सिल्व्हरची असते. आपल्या घरांत ज्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हटले जाई, ती ॲल्युमिनियमची. या दोहोंत गल्लत होऊ नये.

ठसेही साक्ष देतात. ‘डी. आर. पी.’ ही अक्षरे १८७७ नंतरच्या जर्मन साम्राज्याच्या एकस्वाची, तर ‘डी. आर. जी. एम.’ ही १८९१ पासून होऊ लागलेल्या उपयुक्त नमुन्यांच्या नोंदणीची खूण आहे. ब्रिटनच्या १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यामुळे ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का सर्वत्र पसरला. ‘जी. डी. आर.’ असे असल्यास वाद्य १९४९ ते १९९० या काळातील पूर्व जर्मनीचे. कोरलेल्या पत्त्यात टपालाचा पाच अंकी क्रमांक असेल, तर ते १९९३ पूर्वीचे असणे शक्य नाही. मात्र शिक्का नाही म्हणून वाद्य जुने, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. देशातच विकल्या जाणाऱ्या मालावर असा शिक्का मारण्याचे कारणच नव्हते.

नाव कोणाचे?

कर्ण्यावर सुबक अक्षरांत एखादे नाव आणि गाव कोरलेले असते. तोच निर्माता, असे समजणे स्वाभाविक असले तरी पुष्कळदा ते चुकीचे असते. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन हे गाव आणि सीमेपलीकडचे बोहेमियातील ग्रास्लिट्झ यांच्या परिसरात वाद्यनिर्मिती हा घरोघरीचा उद्योग होता. कोणी केवळ झडपा बनवी, कोणी कर्णे घडवी, कोणी सारे भाग जुळवी. तयार माल व्यापारी उचलत आणि दूरदूरच्या दुकानदारांकडे पाठवत. दुकानदार त्यावर स्वतःचे नाव कोरून घेई. या व्यापाराची व्याप्ती एवढी होती की १८९३ ते १९१६ या काळात अमेरिकेने मार्कनॉयकिर्शेनसारख्या लहानशा गावात आपली वाणिज्य कचेरी ठेवली होती. ज्यांच्या हातांनी वाद्ये घडली, त्यांपैकी अनेकांची नावे मात्र त्या वाद्यांवर कधीच उमटली नाहीत.

सीमेच्या दोन बाजू

‘जर्मन’ हा शब्दही येथे जपून वापरावा लागतो. ग्रास्लिट्झ १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, नंतर चेकोस्लोव्हाकियात. १९३८ ते १९४५ ते जर्मनीच्या ताब्यात राहिले आणि आज क्रास्लित्से या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे. मार्कनॉयकिर्शेनच्या वाद्यनिर्मितीचा पायाच मुळी बोहेमियातून धर्मासाठी परागंदा झालेल्या कारागिरांनी घातला. १६७७ साली तेथे व्हायोलिन घडवणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. पावणेतीनशे वर्षांच्या आतच निर्वासनाचा तो अध्याय पुन्हा लिहिला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील जर्मन भाषकांना देश सोडावा लागला. ग्रास्लिट्झच्या कारागिरांची घरे आणि कार्यशाळा मागे राहिल्या. बरोबर आले ते हातातले कसब. त्यांच्यापैकी काहींनी १९४६ साली बव्हेरियातील वाल्डक्रायबुर्ग येथे सहकारी संस्था उभारली. ‘मिराफोन’ या नावाने ती आज जगभर ओळखली जाते. भांडवल नसलेल्या माणसांनी परस्परांच्या विश्वासावर पुन्हा उभे राहावे, याचे मोल सहकाराची परंपरा जाणणाऱ्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. म्हणूनच वाद्यावर ‘ग्रास्लिट्झ’ कोरले आहे की ‘क्रास्लित्से’, हा केवळ स्पेलिंगचा प्रश्न उरत नाही. त्या दोन नावांच्या मध्ये एका अख्ख्या वस्तीचे उठून जाणे आहे.

नोंदींचे मोल

अशा शोधाला आधार असतो तो नोंदींचा. लाइपझिग येथे पाउल द व्हिट यांनी १८८० मध्ये सुरू केलेल्या वाद्यनिर्मितीविषयक नियतकालिकात त्या काळच्या कारखान्यांच्या जाहिराती व वार्ता सापडतात. मार्कनॉयकिर्शेनचे वाद्यसंग्रहालय १८८३ पासूनचे आहे. आणि सुषिर वाद्ये बनवणाऱ्यांची जी सूची जगभरचे अभ्यासक प्रथम उघडतात, तिचा पाया घालणारे लिंडसे लँगविल हे एडिंबरोचे गृहस्थ व्यवसायाने हिशेबनीस होते. १९६० साली त्यांनी ती प्रथम प्रसिद्ध केली; पुढे विल्यम वॉटरहाउस यांनी १९९३ मध्ये तिची नवी, विस्तृत आवृत्ती सिद्ध केली. खतावणीतील नोंदी चोख ठेवण्याची सवय किती दूरवर उपयोगी पडते, याचा हा सुखद दाखला.

या सूचीत नाव, गाव व पत्ता ताडून पाहिला की त्या ठिकाणी ती व्यक्ती अथवा पेढी कोणत्या वर्षांत होती, हे उलगडू शकते. त्याला नळीची लांबी, झडपांची घडण आणि ठशांची साक्ष जोडावी. सारे पुरावे एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तर निष्कर्ष भक्कम. एखादा विसंगत असेल तर दुरुस्तीत भाग बदलला गेला आहे का, हे तपासावे.

ज्यांच्या घरी असे जुने वाद्य असेल, त्यांनी एक पथ्य अवश्य पाळावे. ते चकचकीत करण्याची घाई करू नये. यंत्रावर घासून पॉलिश केले की पितळेचा पातळ थर जातो आणि त्याबरोबर उथळ कोरलेली अक्षरेही पुसट होतात. आधी प्रत्येक ठशाचे छायाचित्र घ्यावे, मापे लिहून ठेवावीत, वाद्य कोणाकडून व केव्हा आले याची चिठ्ठी पेटीतच ठेवावी. दुरुस्तीत काढलेली जुनी स्प्रिंगही फेकू नये. ज्या कारागिराला आपले नाव कोरता आले नाही, त्याच्या हाताची खूण कदाचित तेवढीच शिल्लक असेल.