गाजरगवताचे विष

गाजराच्या पानांसारखी पाने आणि बारीक पांढरी फुले असलेले एक तण ओसाड जागी, रुळांच्या कडेला आपण नेहमी पाहतो. हेच गाजरगवत. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. (नावात गवत असले तरी ते आहे सूर्यफुलाच्या कुळातले!) मूळच्या अमेरिका खंडातील या तणाची नोंद १९५५ साली पुण्यात झाली. पुढे ते देशभर पसरले.

गाजरगवत माजले की आसपासची हिरवळ विरळ होते. पाणी, प्रकाश व क्षार ते बळकावते, हे एक कारण झाले. दुसरे कारण रासायनिक आहे. त्याच्या पानांवरील सूक्ष्म केसांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. शिवाय वनस्पतीत कॅफिक, फेरुलिक यांसारखी आम्लेही असतात. पावसाच्या पाण्याबरोबर आणि कुजणाऱ्या पानांतून ही द्रव्ये जमिनीत उतरतात. त्यांच्यामुळे इतर बियांचे अंकुरण मंदावते, मुळे खुरटतात. अशा परिणामाला हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने १९३७ साली ‘ॲलेलोपथी’ हे नाव दिले.

पण हे दोष रसायनांचाच, असे म्हणायला पुरावा काय? शाळेत पडताळून पाहता येईल. फुले येण्यापूर्वीची पाने शिक्षकांनीच हातमोजे घालून तोडावीत. या वनस्पतीच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते, परागांमुळे दम्याचा त्रास होतो. वाळलेली पाने ५ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर पाण्यात दिवसभर भिजवा व गाळा. तीन बशांत ओल्या टीपकागदावर ज्वारीचे प्रत्येकी वीस दाणे ठेवा. पहिल्या बशीत साधे पाणी, दुसरीत हा अर्क, तिसरीत सक्रिय कोळशाची पूड घालून ढवळलेला व पुन्हा गाळलेला अर्क घाला. पाच दिवसांनी मुळे मोजा. कोळसा सेंद्रिय द्रव्ये शोषून घेतो. म्हणून दुसऱ्या बशीतील मुळे खुरटली आणि तिसरीतील त्यांच्यापेक्षा लांब वाढली, तर संशय रसायनांवरच जातो.

मात्र बशी म्हणजे शेत नव्हे. मातीत जिवाणू पार्थेनिनचे काही दिवसांतच विघटन करतात. म्हणूनच शेतातील नुकसानीत विषाचा वाटा किती आणि नुसत्या दाटीचा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

गंमत म्हणजे हेच हत्यार गाजरगवतावरही उलटते. पावसाळ्यात ज्याची भाजी करतात त्या टाकळ्याच्या अर्कात गाजरगवताचे बी नीट रुजत नाही. टाकळा दाट उगवला, की तेथे गाजरगवताची रोपे कमी दिसतात.