माग घरी आला, पण पुढे?

मराठी माणसाच्या तोंडी 'पानिपत' हा शब्द बहुधा सर्वनाशाच्या अर्थानेच येतो. परंतु त्या लढाईचा निकाल केवळ १४ जानेवारी १७६१ या एका दिवशी लागला नव्हता. १७६० च्या ऑक्टोबरात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली, मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता बंद झाला आणि रसद तुटली. हाती शस्त्रे होती. पण पोटात अन्न नव्हते.

आज त्या पानिपतची ओळख विणकरांचे शहर अशी आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली अनेक निर्वासित कुटुंबे येथे स्थिरावली आणि विणकामात शिरली. चादरी, घोंगड्या, पडदे आणि लोखंडी पंजाने आडवा धागा ठोकून विणलेल्या सतरंज्या येथून दूरदूर जातात. मोठे कारखाने आहेतच. पण घरच्या घरी माग चालवून पोट भरणारेही आहेत. अशा घराला रसदेचा तो जुना धडा आजही लागू पडतो. माग, शिलाईयंत्र वा लहानसे लेथ विकत घेणे हे अर्धेच काम होय. ते अडले तर कोण येईल, हा प्रश्न उरतोच.

वाचकहो, घरात शोभेची वस्तू बिघडली तर मन खट्टू होते. कामाचे यंत्र बिघडले तर चूल अडते. म्हणून खरेदीच्या वेळी केवळ किंमत विचारून भागत नाही. यंत्र घरी आणून बसवून कोण देईल? पहिले चार हात कोण शिकवील? फणी, धोटा, पट्टा, सुई असे झिजणारे भाग याच गावात मिळतील काय? दुरुस्तीस माणूस किती दिवसांत येईल? चांगला दुकानदार या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तोच तुम्हांला विचारतो, की यंत्रावर काय करणार, रोज किती तास चालविणार, जागा किती आहे. आणि लहान यंत्राने काम भागत असेल तर मोठे गळ्यात मारीत नाही. तो जे कबूल करील ते पावतीवर लिहून घ्यावे. पावतीविना थोडी सूट मिळते म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल उचलू नये. ती सूट पुढे फार महाग पडते.

आता कायद्याकडे वळू. धंद्यासाठी यंत्र घेणारा हा 'ग्राहक' नव्हे, अशी समजूत सर्रास आढळते. ती अर्धवट खरी आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १९९३ साली एक खुलासा घालण्यात आला. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच राहतो, असा त्याचा आशय आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स यांच्या यंत्रखरेदीचा दावा महाराष्ट्र राज्य आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी घेतलेल्या यंत्राबाबत न्यायालयाने ४ एप्रिल १९९५ रोजी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. पण त्याच निकालात स्पष्ट केले, की पोटापाण्यासाठी लेथ घेऊन तो स्वतः चालविणारा मनुष्य ग्राहक आहे, आणि मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून त्याचा हक्क जात नाही. म्हणजे यंत्र किती मोठे, यापेक्षा ते कोण चालवितो आणि कशासाठी, याला महत्त्व आहे.

हा खुलासा २०१९ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. पावती न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तसेच पावतीत मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीही अनुचित प्रथाच आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या छापील ओळीला म्हणूनच भिण्याचे कारण नाही. यंत्र दूरच्या शहरातून मागविले असले, तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती केली पाहिजे. आधी सल्ला हवा असल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे.

अर्थात, आयोगाच्या दारी जाणे हा शेवटचा उपाय. खटला जिंकला तरी बंद पडलेल्या मागावरचे वाया गेलेले दिवस परत येत नाहीत. दुकानदारानेही हे ओळखावे. वेळेवर दुरुस्तीस आलेल्या माणसाची आठवण घर विसरत नाही. पुढचा माग घेताना शेजारीही तेच दुकान विचारतात.

तेव्हा पुढच्या वेळी यंत्र पाहावयास जाल, तेव्हा त्याच्या रंगावर आणि किमतीवर नजर टाकून झाली की एक प्रश्न अवश्य विचारा: "हे बंद पडले, तर कोण येईल?" उत्तर नाव, पत्ता आणि मुदत यांसह मिळाले, तर पैसे निर्धास्तपणे मोजा. नुसते हसणे मिळाले, तर पुढच्या दुकानाची पायरी चढा.