शिंकणारं पिल्लू आणि बशीतलं दूध

राहात्यापासून राहुरीपर्यंत कुठल्याही गोठ्यात संध्याकाळी धार काढायला बसलं, की एखादं मांजर पायाशी येऊन घुटमळतंच. अहिल्यानगर हा राज्यातल्या आघाडीच्या दूधउत्पादक जिल्ह्यांपैकी एक, त्यामुळे मांजराच्या पिल्लासमोर बशीभर दूध ठेवायला इथे कुणी मागेपुढे पाहत नाही. आठ-दहा दिवसांनी तेच पिल्लू डोळे चिकटलेलं, शेपटीखाली घाण लागलेलं, शिंकत कोपऱ्यात बसलेलं दिसतं. ‘नगरची थंडी बाधली’ असं निदान घरातच होतं आणि उपाय म्हणून पुन्हा दूधच येतं, फक्त या वेळी कोमट आणि हळद घातलेलं.

महिनाभर न हटणारी सर्दी आणि सारखे होणारे जुलाब यांच्यामागे बहुतेक वेळा एकच कारण नसतं. दोन-तीन आजार एकदम झालेले असतात आणि ते एकमेकांना हात देतात. नाक चोंदलं की वास येत नाही. मांजर वासावर जेवतं, त्यामुळे ते अन्नाला तोंड लावत नाही. उपाशी पिल्लू खंगलं की पोटातले जंत आणि जंतू जोर धरतात. मग घरचे आणि मेडिकलवाले आपापल्या परीनं त्यात भर घालतात.

‘गावाकडे मांजराला दवाखान्यात नेतंय कोण,’ असं शहरातले लोक म्हणतात. सरकारदरबारी मांजर बेदखल आहे हे खरं. २०१९ च्या पशुगणनेत कुत्र्याला, सशाला, अगदी हत्तीलाही रकाना होता, मांजराला नव्हता. पण माणसांना त्याची कदर नाही, हे म्हणणं याच जिल्ह्यात टिकत नाही. ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीनं भरलेल्या जुन्या विहिरीत पडलेलं मांजर काढायला माणसं एकामागून एक उतरली आणि पाच जणांचा जीव गेला. अडचण वेगळीच आहे. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींच्या गर्दीत असतो, मांजरांचा सराव असलेला डॉक्टर शहरात बसतो आणि क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या कडेवरून तिथवर येणं म्हणजे दिवस मोडणं. मधल्या काळात ऐकीव उपाय चालतात.

सुरुवात दुधापासूनच करावी. आईच्या दुधातही लॅक्टोज असतं, पण तेव्हा ते पचवणारं विकर पिल्लाच्या आतड्यात भरपूर असतं. दूध तुटल्यावर ते कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, आंबते आणि पातळ शी होते. काही मांजरं आयुष्यभर दूध पितात आणि त्यांना काही होत नाही, हेही खरं. पण जुलाब चालू असलेल्या पिल्लाला ते देणं चुकीचंच. आई नसलेल्या तान्ह्या पिल्लालाही गाईचं दूध पुरत नाही, कारण मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. त्यासाठी मांजराच्या पिल्लांची वेगळी दूधभुकटी मिळते.

ते दूध पाजायची पद्धतही बहुतेक घरांत चुकते. बाळाला घेतात तसं पिल्लाला उताणं धरून ड्रॉपरनं तोंडात सोडलं, की दूध श्वासनलिकेत उतरू शकतं आणि न्यूमोनिया होतो. पिल्लू आईला पिताना पोटावर असतं, तसंच पालथं ठेवून, डोकं किंचित वर करून, ते चोखेल त्या गतीनं पाजायचं. अंग गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग दूध. गार पिल्लाचं आतडं चालत नाही. तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःचं तापमान नीट राखता येत नाही, त्यामुळे थंडीचा त्रास खोटा नसतो. पण थंडीनं विषाणू तयार होत नाहीत. ती पिल्लाची ताकद घटवते.

दुसरा लाडका गैरसमज पोटाचा. गोल टम्म पोट म्हणजे बाळसं, असं समजून घरचे खूश असतात. पाठीचा कणा हाताला लागतोय आणि पोट मात्र ढोलासारखं, तर जंत समजावेत. मांजरातला गोल जंत टॉक्सोकारा कॅटी आईच्या दुधातून पिल्लात येतो, म्हणून घराबाहेर पाऊल न टाकलेल्या पिल्लालाही तो असतो. सर्दी आणि हगवणीचा एक थेट धागा इथेच आहे. जमिनीतून पोटात गेलेल्या या जंताच्या अळ्या यकृतातून फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात मोठ्या होतात. घरचे ज्याला ‘छातीतला कफ’ म्हणतात, तो कधीकधी जंतांचा प्रवास असतो. म्हणूनच जंताचं औषध तिसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरवड्याला, दूध सुटेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ वजनानुसार देतात. ‘एकदा दिलं होतं’ या उत्तराला फारसा अर्थ नाही. शेपटीजवळ तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं तर तो पट्टकृमी; तो पिसवांमधून येतो, तेव्हा पिसवा तशाच ठेवून गोळी दिली तर तो परत येणारच.

जंताचं औषध देऊनही जुलाब थांबले नाहीत, तर औषध नकली होतं असं म्हणायची घाई करू नये. जिआर्डिया, कॉक्सिडिया आणि ट्रायट्रायकोमोनास हे एकपेशीय जीव आहेत, आणि कॉक्सिडिया किंवा ट्रायट्रायकोमोनासवर नेहमीच्या जंताच्या गोळीचा काही परिणाम होत नाही. प्रत्येकाचं औषध वेगळं. शी तपासल्याशिवाय ते ठरत नाही आणि एका नमुन्यात हे जीव सापडतीलच असंही नाही. वेगवेगळ्या दिवसांचे ताजे नमुने लागतात. ट्रायट्रायकोमोनासची शंका असेल तर नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, गारठ्यात तो मरतो. हे सगळं टाळून घरातली माणसाची जुलाबाची गोळी तोडून दिली जाते. त्यातलं मेट्रोनिडॅझोल इतकं कडू की मांजर तोंडाला फेस आणतं आणि घरचे घाबरून दुसरंच काही देतात. डोस चढला तर तोल जातो, झटके येतात. दोन दिवस शी घट्ट होते, पुन्हा पातळ होते, पुन्हा गोळी. पिल्लाचं आतडं स्थिर होण्याची संधीच उरत नाही.

आता नाकाकडे. मांजरांच्या सर्दीच्या बहुतेक प्रकरणांमागे दोन विषाणू असतात, हर्पीस आणि कॅलिसी. जिभेवर फोड असतील, लाळ गळत असेल तर कॅलिसीचा संशय जास्त. डोळे लाल, बुबुळावर जखम, तर हर्पीसचा. क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा, बोर्डेटेला हे जीवाणूही असतात. ‘अँटिबायोटिकचा कोर्स झाला तरी शिंका आहेतच, म्हणजे डॉक्टरला कळत नाही’ ही तक्रार इथून निघते. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही; ते मागाहून शिरलेल्या जीवाणूंसाठी असतं. हर्पीस चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत जन्मभर दडून बसतो आणि घर बदललं, नवं मांजर आलं, आजारपण आलं की पुन्हा डोकं वर काढतो. लहानपणी त्यानं नाकातली नाजूक हाडं खाल्ली असतील तर ते मांजर कायमचं सूं-सूं करतं. अशा मांजराचा आजार मुळापासून जात नाही, पण ते नीट जगू शकतं. हर्पीससाठी लायसिनच्या पेस्ट आजही विकल्या जातात. २०१५ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला गेला तेव्हा त्यांचा उपयोग दिसला नव्हता.

घरी करण्यासारखं बरंच आहे आणि ते साधं आहे. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं डोळे-नाक पुसणं, बंद न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ भरू देऊन पिल्लाला दहा मिनिटं तिथे बसवणं, अन्न किंचित कोमट करून देणं म्हणजे वास उठतो. त्या वाफेत निलगिरीचं तेल किंवा कापूर मात्र नको, आणि छातीला बाम तर मुळीच नको. मांजर अंग चाटतं, आणि ही द्रव्यं त्याच्या यकृताला झेपत नाहीत.

यकृताची हीच उणीव सगळ्यांत घातक ठरते ती पॅरासिटामॉलच्या बाबतीत. अंग तापलं म्हणून ‘पाव गोळी’ दिली जाते. पाचशेच्या गोळीचा पाव म्हणजे १२५ मिलिग्रॅम. किलोमागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी मात्रा मांजराला विषारी ठरते आणि पिल्लाचं वजन अनेकदा एक किलोही नसतं. रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या निळसर-तपकिरी होतात, तोंड सुजतं. यावर अ‍ॅसिटिलसिस्टिन हा उतारा आहे, पण तास मोजत बसायला वेळ नसतो. आयबुप्रोफेनही बाद. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं परमेथ्रिन मांजराला लावणं हा त्याच जातीचा अपघात. डॉक्टरांनी दिलेली डॉक्सिसायक्लिनची गोळीसुद्धा कोरडी देऊ नये, मागून थोडं पाणी किंवा अन्न गेलंच पाहिजे. अन्ननलिकेत अडकली तर ती तिथे जखम करते.

‘फिनेलनं पुसलंय, आता भीती नाही’ हा स्वच्छतेचा गैरसमज. काळ्या फिनेलमधले फिनॉलवर्गीय पदार्थ मांजराला विषारी, कारण ते पंजे चाटतं. वर सगळे विषाणू त्यानं मरतही नाहीत. हर्पीस बाहेर दिवसभरात संपतो, कॅलिसी महिनाभर तग धरतो, पॅनल्युकोपेनियाचा विषाणू वर्षभर. शेवटच्या दोघांवर हाताला चोळायचं सॅनिटायझरही भरवशाचं नाही. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी बत्तीस भाग, धुतलेल्या फरशीवर दहा मिनिटं ठेवून मग स्वच्छ पाण्यानं काढून टाकणं, हे चालतं.

पॅनल्युकोपेनिया म्हणजे पार्व्होच्या कुळातला आजार. ताप, उलट्या, रक्ताळलेली हगवण, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटणं. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं यात जातात. किती वेगानं, ते बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानानं २०२३ मध्ये पाहिलं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला बिबट्याचे सात बछडे या विषाणूनं दगावले, आणि त्यांना लस दिलेली होती. उसात बिबटे वावरणाऱ्या जिल्ह्याला ही बातमी परकी वाटू नये. उपयोगाची गोष्ट अशी, की कुत्र्यांच्या पार्व्होची झटपट चाचणी मांजराच्या या विषाणूवरही चालते, त्यामुळे मांजरांचं खास किट नसलेल्या दवाखान्यातही संशय तपासता येतो.

‘लस दिली तरी झालं, मग लस कशाला?’ आईकडून आलेली प्रतिपिंडं सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकतात, आणि ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस देतात. पॅनल्युकोपेनियावर ही लस भक्कम आहे. हर्पीस-कॅलिसीची लागण ती पूर्ण रोखत नाही, जोर कमी करते. घराबाहेर न जाणाऱ्या पिल्लालाही ती हवी. चपलांवरून विषाणू आत येतोच.

कच्च्या चिकनबद्दल आता जुनं मत धरून चालणार नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं, म्हणजे एच५एन१ नं मेले. पुढे काही आठवड्यांतच शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांच्या नमुन्यांतही तोच विषाणू सापडला. पोल्ट्रीच्या शेडमधली मेलेली कोंबडी मांजरापुढे टाकणं थांबायला हवं. चिकन द्यायचंच तर शिजवून, हाडं काढून, बिनमसाल्याचं द्यावं.

माणसांच्या भीतीही आहेतच. मांजराचा केस पोटात गेला की घटसर्प होतो, असं आजही सांगतात. घटसर्पाचा जीवाणू मुख्यतः माणसाकडून माणसाला जातो, आणि त्याची लस बाळाच्या नेहमीच्या लसीकरणातच आहे. मांजराचा हर्पीस माणसाला होत नाही. जंत, जिआर्डिया आणि रेबीज मात्र खरे धोके आहेत. शी काढल्यावर साबणानं हात धुणं आणि बोचकारल्यास, चावल्यास जखम धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठणं, यात हयगय नको.

कधी रात्रीच निघावं, याच्या खुणा ठरलेल्या आहेत. पिल्लू तोंड उघडून श्वास घेतंय, हिरड्या पांढऱ्या किंवा निळ्या आहेत, दिवसभर काही खाल्लेलं नाही, शीमध्ये रक्त आहे. कुत्रं धापा टाकतं तसं मांजर सहसा टाकत नाही, म्हणून उघड्या तोंडाचा श्वास गंभीर. त्याआधीची खूण किराण्याच्या काट्यावर दिसते: निरोगी पिल्लू आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढतं, आणि ती वाढ अडली तर लक्षणं दिसण्याआधीच काहीतरी बिघडलेलं असतं.

सर्व तपासूनही अँटिबायोटिकला न जुमानणारा ताप, खंगणं आणि पोटात साचणारं पाणी उरलं, तर डॉक्टर एफआयपीचं नाव घेतात. मांजरांच्या आतड्यात राहणारा कोरोना विषाणू काही पिल्लांत रूप बदलतो आणि हा आजार होतो. कोविडशी त्याचा संबंध नाही, पण कोविडच्या औषधाशी आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे निदान म्हणजे मृत्युदंडच होता. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नील्स पेडरसन यांच्या गटानं जीएस-४४१५२४ या रेणूनं बरी झालेली मांजरं दाखवली. कोविडकाळात ज्याच्या कुप्यांसाठी महाराष्ट्रात रांगा लागल्या, ते रेमडेसिव्हिर शरीरात जाऊन याच रेणूत बदलतं. २०२३ मध्ये सायप्रसनं तर माणसांसाठी साठवलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांना खुल्या केल्या होत्या. सुरुवातीच्या पद्धतीनुसार हा उपचार ८४ दिवस चालतो, आणि त्यातला डोस वजनावर ठरतो. पिल्लू बरं होऊ लागलं की भराभर वाढतं, म्हणून दर आठवड्याला ते पुन्हा काट्यावर ठेवून मात्रा वाढवावी लागते.