अवडंबराच्या पोटातला ढोल

ग्वाल्हेरच्या जयविलास महालातल्या दरबार हॉलमध्ये पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं! जयाजीराव शिंद्यांनी 1874 साली महाल पुरा केला, तेव्हा छताला हा भार पेलेल का हे पाहायला वर हत्ती चढवले होते, असं तिथे आजही सांगतात. ते ऐकलं की मला ‘अवडंबर’ हा शब्द आठवतो, कारण त्याच्या पोटात खरोखरच हत्ती आहे.

भाषणात अर्थ मूठभर आणि शब्द पोतंभर असले की आपण म्हणतो, काय हे शब्दांचं अवडंबर! मूळ संस्कृत शब्द आडंबर. अमरकोशात त्याचे अर्थ आहेत वाद्यांचा गजर आणि हत्तीची गर्जना. आणखी मागे गेलं तर आडंबर हे चक्क वाद्यच निघतं, एक प्रकारचा ढोल. शुक्ल यजुर्वेदाच्या तिसाव्या अध्यायात पुरुषमेध यज्ञाच्या निमित्ताने कोणाच्या वाट्याला कोणता माणूस, याची लांबलचक यादी आहे. तिथे ‘शब्दा’ला दिला आहे आडंबराघात, म्हणजे ढोल बडवणारा. शब्द म्हणजे तिथे नाद, पण ही जोडी किती जुनी आहे बघा! त्याच मंत्रात, जरा आधी, ‘अंता’ला बडबड्या माणूस दिला आहे आणि ‘अनंता’ला मुका. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

इंग्रजीतला ‘बॉम्बास्ट’ आला कापसावरून. कपडे फुगीर दिसावेत म्हणून आत भरायचा तो कापूस. इंग्रजांना फुगवटा दिसला, आपल्या पूर्वजांना दणदणाट ऐकू आला.

जयविलास बांधणाऱ्या शिंद्यांच्या घराण्यालाही फारसी किताबांचा गजर चांगलाच ठाऊक होता. आलिजाह, मुख्तार-उल-मुल्क... मोठ्याने म्हणून पाहा, नगाऱ्यावर टिपरी पडल्यासारखं वाटतं. 1784 मध्ये बादशहा शाह आलमने वकील-इ-मुतलक हे पद दिलं, तेव्हा दिल्लीचा कारभार याच घराण्यातल्या महादजींच्या हाती आला. तरीही महादजी स्वतःला पाटील म्हणवण्यातच भूषण मानत. मराठी माणसाच्या तोंडी ते आजही पाटीलबाबाच आहेत.